घरामागचा नवीन स्विमिंग पूल: बांधकामातले घोळ आणि मशिनरीच्या कटकटी कशा निस्तरायच्या

डॅलसच्या उत्तरेला ज्या नवीन वसाहती झाल्यात तिकडे आपली मराठी मंडळी भरपूर आहेत, आणि घर घेऊन दोन उन्हाळे काढले की प्रत्येक घरात एक दिवस विषय निघतोच, आपण पण मागे पूल बांधूया का. आम्ही बांधला. करारात १२ आठवडे लिहिले होते, लागले साडेपाच महिने, आणि पाणी भरल्यावर पहिल्याच वर्षात गळती झाली, पंपात हवा शिरली, हीटर रुसला, टाइल्स सुटल्या, म्हणजे नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं तसा प्रकार. आता दर महिन्याला कोणीतरी फोन करतं, "तुमच्या पूलला पण असंच झालेलं ना?" म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय.

हे सगळं टेक्सासमधल्या काँक्रीटच्या पूलबद्दल आहे, म्हणजे सळ्यांवर नळीने काँक्रीट फवारून बांधतात तो, त्या काँक्रीटला इथे गनाईट म्हणतात. दुसऱ्या राज्यात असाल तर कायदेकानून वेगळे असतील, पण पाणी, पंप आणि प्लास्टरचं सगळीकडे सारखंच. आमचा पूल १५ बाय ३० फूट, साडेतीन ते साडेपाच फूट खोल, साधारण १५ हजार गॅलन. म्हणजे पाणी १ इंच खाली गेलं तर २८० गॅलन गेलं. हा हिशोब स्वतःच्या पूलसाठी आधीच करून ठेवा, पुढे लागतो.

जवळ ठेवायचे कागद:

- सही केलेला करार आणि मापं लिहिलेला नकाशा (स्टीलचं अंतर, काँक्रीटची जाडी, पाइपचा साइज त्यात असला पाहिजे)
- घराचा सर्व्हे, एचओएची (वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेची) लेखी परवानगी, सिटीचं परमिट आणि प्रत्येक इन्स्पेक्शनचा निकाल
- बिल्डरच्या इन्शुरन्सचं सर्टिफिकेट
- प्रत्येक हप्त्याची पावती आणि सोबत लीन वेव्हर (हे काय ते खाली सांगतो)
- पंप, फिल्टर, हीटर, सॉल्ट सेल (पाण्यात घातलेल्या मिठापासून क्लोरीन बनवणारं यंत्र) यांचे मॉडेल आणि सीरियल नंबर, वॉरंटी रजिस्टर केल्याचा पुरावा
- तारखेनुसार लावलेले फोटो

सामान: एक बादली, मार्किंग टेप, मोजपट्टी, लेव्हल, गोल्फ बॉल, थेंब मोजून टेस्ट करायची चांगली किट, सिलिकॉन ग्रीस, आणि खायचा रंग. रंग कशाला ते सातव्या मुद्द्यात.

१. सही करण्याआधी हप्ते बघा

टेक्सासमध्ये इलेक्ट्रिशियनला लायसन्स लागतं, प्लंबरला लागतं, पण पूल बिल्डरला राज्याचं म्हणून काही लायसन्स नाहीये. मला हे अर्धा खड्डा खणून झाल्यावर कळलं. पिकअप ट्रक आणि व्हिजिटिंग कार्ड असलेला कोणीही पूल बिल्डर असू शकतो, त्यामुळे आपल्या हातात खरं म्हणजे एकच लगाम असतो, पैशाचा.

बहुतेक करारांमध्ये हप्ते पुढे पुढे ओढलेले असतात. खड्डा खणला की एवढे, गनाईट मारलं की एवढे, डेक (पूलभोवतीची फरशी) झाला की एवढे, आणि प्लास्टर यायच्या आधी ९५ टक्के रक्कम गेलेली असते. मग शेवटचे ५ टक्के घ्यायला बिल्डरला कसलीच घाई नसते, आणि खरी कामं तर तेव्हाच उरलेली असतात. आमचं घोडं तिथेच अडलं. तुम्ही सही करण्याआधी भांडून घ्या की शेवटचा मोठा हप्ता प्लास्टर झाल्यावर, पाणी भरल्यावर आणि सगळी मशिनरी समोर चालवून दाखवल्यावर. शिवाय टेक्सासच्या प्रॉपर्टी कोडमध्ये सोय आहे की मालकाने १० टक्के रक्कम काम पूर्ण झाल्यावर ३० दिवस राखून ठेवायची, ती सबकॉन्ट्रॅक्टरचे पैसे बुडू नयेत म्हणून आहे. बिल्डरला हे माहीत असतं, तो आपणहून सांगत नाही इतकंच.

लीन वेव्हर म्हणजे सबकॉन्ट्रॅक्टरकडून लिहून घेणं की मला माझे पैसे मिळाले, आता या घरावर माझा दावा नाही. गनाईटवाला, स्टीलवाला, टाइलवाला हे सगळे वेगळे लोक असतात, बिल्डर फक्त त्यांना बोलावतो. त्याने त्यांना पैसे दिले नाहीत तर ते तुमच्या घरावर दावा लावायला बघतात, तुम्ही बिल्डरला पूर्ण पैसे दिलेले असले तरी. प्रत्येक हप्त्याचा चेक देताना आधीच्या टप्प्याचा वेव्हर हातात घ्या. लाजू नका. आपल्या लोकांना पैशाचं तोंडावर बोलायला जड जातं, मलाही गेलं.

२. खणण्याआधी ८११

८११ ला फोन केला की गॅस, वीज, केबलच्या कंपन्या येऊन जमिनीवर रंगाने खुणा करून जातात, फुकट. खणायच्या किमान दोन कामाचे दिवस आधी फोन करायचा. बिल्डर करतोच, तरी आपण विचारायचं. आणि मेख अशी की ते फक्त त्यांच्या लाइन दाखवतात, म्हणजे मीटरपर्यंत. मीटरपासून तुमच्या बार्बेक्यूला गेलेला गॅसचा पाइप, स्प्रिंकलरचे पाइप, आधीच्या मालकाने टाकलेली बागेतल्या दिव्यांची वायर, हे कोणी दाखवत नाही. आमचे स्प्रिंकलरचे दोन झोन तिथेच गेले.

३. काँक्रीट पडायच्या आधीचे दोन दिवस सुट्टी घ्या

सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. सळ्या बांधून झाल्या, पाइप टाकून झाले आणि गनाईट मारायचं बाकी आहे, या मधल्या वेळात जे दिसतं ते परत आयुष्यात कधी दिसणार नाही. ऑफिसमधून सुट्टी घ्या, मोजपट्टी घेऊन खड्ड्यात उतरा आणि १०० फोटो काढा. मोजपट्टी फोटोत दिसली पाहिजे. काय बघायचं:

सळ्या जमिनीला टेकलेल्या नकोत. आपल्याकडे साइटवर ज्याला कव्हर ब्लॉक म्हणतात तसे छोटे काँक्रीटचे ठोकळे खाली पाहिजेत, म्हणजे काँक्रीट सळईच्या खाली पण जातं. मातीला टेकलेली सळई गंजते, आणि गंज फुगला की काँक्रीट फुटतं. आमच्या पायऱ्यांच्या भागात ठोकळेच नव्हते, मी सांगितल्यावर एका पोऱ्याने दहा मिनिटात लावून टाकले. एवढंच काम होतं.

पाइपवर प्रेशर गेज लावलेला पाहिजे. सगळं प्लंबिंग बंद करून त्यात प्रेशर भरतात, आमच्याकडे ३० पीएसआयच्या आसपास होतं, आणि ते तसंच ठेवून गनाईट, डेक सगळं करतात. काटा पडला तर कोणीतरी पाइपला फावडं मारलं हे लगेच कळतं. रोज संध्याकाळी त्या काट्याचा फोटो. डेक ओतायच्या दिवशी सकाळी एक आणि संध्याकाळी एक, कारण डेकवाले जमिनीत खुंट्या ठोकतात.

बाँडिंग. हे अर्थिंगपेक्षा वेगळं आहे. सळ्या, लाइटचं भांडं, हँडरेल, पंपाची बॉडी आणि पाण्याच्या कडेपासून ३ फुटांपर्यंतचा डेक हे सगळं ८ गेजच्या भरीव तांब्याच्या तारेने एकमेकांना जोडलेलं असतं, म्हणजे कुठे करंट आला तरी पाण्यात उभ्या माणसाच्या दोन बाजूंना वेगवेगळा व्होल्टेज येत नाही. सिटीचा इन्स्पेक्टर हे बघतो, पण तुम्हीही फोटो काढा. आणि पुढे कधी पाण्यात किंवा रेलिंगला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटलं तर सगळ्यांना बाहेर काढा, बाहेर येताना धातूच्या रेलिंगला हात लावू देऊ नका, ब्रेकर पाडा आणि लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनला बोलवा. बिल्डरच्या "काही नाही हो, स्टॅटिक आहे" वर अजिबात जाऊ नका.

तळाची ड्रेन दोन पाहिजेत आणि त्यांच्यात किमान ३ फूट अंतर, म्हणजे एकावर कोणी अडकलं तरी सगळी ओढ तिथे येत नाही. २००२ साली व्हर्जिनिया ग्रॅम बेकर नावाची ७ वर्षांची मुलगी हॉट टबच्या ड्रेनला चिकटून दगावली, तिच्या नावाने २००७ मध्ये अमेरिकेत कायदा झाला आणि आता ड्रेनची झाकणं त्या नियमाचीच विकावी लागतात. झाकणावर त्याचं आयुष्य किती वर्षं ते छापलेलं असतं, फोटो काढून ठेवा.

सिटीचं इन्स्पेक्शन पास झालं म्हणजे काम चांगलं झालं असं नव्हे. इन्स्पेक्टर कोड बघतो, तुमची पायरी वाकडी आहे का ते त्याचं काम नाही.

४. गनाईट आणि "पाणी मारताय ना?"

गनाईट मारताना काही माल उडून खाली पडतो, त्यात सिमेंट कमी आणि वाळू जास्त असते. तो उचलून बाहेर टाकायचा असतो. कामचुकार टोळी तोच गोळा करून पायऱ्या आणि बाकड्यांच्या खाली भरते, आणि दोन वर्षांनी तिथेच चीर पडते. त्या दिवशी तिथे उभे राहा, बाकी काही करू नका, नुसतं उभं राहिलं तरी फरक पडतो. कॉफी आणि डोनट्स घेऊन गेलात तर अजून जास्त.

गनाईट झाल्यावर बिल्डरची माणसं गायब झाली. माझे सासरे साताऱ्याला असतात, त्यांना व्हिडिओ कॉलवर मोठ्या कौतुकाने खड्डा दाखवत होतो तर ते म्हणाले, "जावईबापू, ते सगळं ठीक आहे, पण पाणी मारताय ना?" स्लॅब टाकला की पाणी मारायचं हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं, आणि मी इथे दीड दिवस जुलैच्या १०० डिग्रीत काँक्रीट वाळवत बसलेलो. बिल्डरला फोन केला तर म्हणतो, हो, ते घरमालकानेच करायचं असतं, कागदात आहे. होतं खरंच, सहाव्या पानावर. पुढचे सात दिवस दिवसातून चार-पाच वेळा होज घेऊन भिंती भिजवल्या. तुम्ही पहिल्या दिवसापासून करा.

५. टाइल, कोपिंग आणि तो एक सांधा

पाण्याइतकी चोख लेव्हल जगात नाही. पूल भरला की टाइलवर पाण्याची रेघ एका कोपऱ्यात वर आणि दुसऱ्या कोपऱ्यात खाली दिसली तर आयुष्यभर दिसणार, म्हणून टाइल चिकटवण्याआधी कडा पाणसळीत आहे का ते बिल्डरला लेझर लावून दाखवायला सांगा.

कोपिंग म्हणजे कडेचा दगड, आणि त्याच्या मागे डेक. या दोघांच्या मध्ये एक फट सोडून त्यात मॅस्टिक नावाचा रबरासारखा माल भरायचा असतो. डॅलसची चिकणमाती आपल्याकडच्या काळ्या मातीसारखीच, पाऊस पडला की फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे डेक हलतो. पूल वेगळा हलतो. मध्ये मऊ सांधा असला तर कोणाला त्रास नाही. आमच्या टाइलवाल्याने सफाईदार दिसावं म्हणून तिथे ग्राउट भरलं, पहिल्याच पावसाळी वसंतात डेकने कोपिंगला ढकललं आणि अकरा टाइल्स सुटून पाण्यात पडल्या. बिल्डर म्हणाला माती हलली, ती वॉरंटीत येत नाही. मी त्याला फोटो दाखवला की सांध्यात मॅस्टिक नाही, ग्राउट आहे. मग केलं त्याने. फोटो नसता तर मी बसलो असतो बोंबलत.

डेकचा उतार पूलपासून लांब पाहिजे, फुटाला पाव इंच. बादलीभर पाणी ओतून बघा कुठे जातं ते. घराच्या पायाकडे गेलं तर तिथल्या तिथे थांबवा.

६. प्लास्टर आणि नंतरचे २८ दिवस

प्लास्टर झालं की पाणी भरायला लागायचं आणि रेघेपर्यंत पोचेपर्यंत थांबायचं नाही, रात्र झाली तरी. मध्ये थांबलं तर तिथे वर्तुळ उमटतं आणि ते जात नाही. होजच्या तोंडाला जुना टॉवेल बांधून सगळ्यात खोल जागी ठेवा म्हणजे धारेने प्लास्टर खणलं जात नाही. भरेपर्यंत कोणीही आत उतरायचं नाही, कुत्र्याने पण नाही.

नंतर पहिले दोन आठवडे दिवसातून दोनदा सगळा पूल ब्रशने घासायचा. प्लास्टरची पावडर निघते, पाणी दुधी होतं, घाबरू नका. नवीन प्लास्टर पीएच सतत वर ढकलतं, म्हणून रोज टेस्ट करून ७.४ ते ७.६ च्या आसपास आणायला म्युरिॲटिक ॲसिड घालावं लागतं. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही, आणि ॲसिडचे कॅन क्लोरीनशेजारी ठेवायचे नाहीत, दोघांची गाठ पडली की विषारी गॅस होतो. मीठ निदान महिनाभर घालू नका, चाकांचा रोबो क्लीनर पण महिनाभर नको. बिल्डरचा माणूस दुसऱ्याच दिवशी मिठाच्या गोण्या घेऊन आला होता, त्याला बिचाऱ्याला एका दिवसात तीन पूल उरकायचे होते. मी गोण्या गॅरेजमध्ये ठेवून घेतल्या आणि त्याला चहा पाजून पाठवलं.

प्लास्टर वाळताना केसासारख्या बारीक रेषा पडतात, रंग ठिकठिकाणी गडद-फिका दिसतो, ते चालतं, ते सिमेंटच आहे शेवटी. चालत नाही ते असं: गोल्फ बॉलने ठोकल्यावर आजूबाजूला टणक आवाज आणि मध्येच एका जागी बद्द आवाज, म्हणजे तिथे प्लास्टर सुटलंय. आणि चीर जर प्लास्टरमधून टाइलमध्ये, टाइलमधून कोपिंगमध्ये अशी सरळ वर गेलेली असेल तर ती वरवरची नाही, काँक्रीटची आहे. अशी चीर बिल्डरने पुट्टीने बुजवली तर पैसे देऊ नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरला आपल्या खर्चाने बोलवा. बिल्डरने आणलेला इंजिनिअर नको.

७. पाणी कमी होतंय: गळती की ऊन?

टेक्सासच्या उन्हाळ्यात दिवसाला पाव इंच पाणी असंच उडून जातं. त्यामुळे अंदाजाने भांडू नका, बादली टेस्ट करा.

पहिलं काम, ऑटोफिल बंद करा. हा आमचा सगळ्यात महाग धडा. ऑटोफिल म्हणजे टॉयलेटच्या टाकीतल्या फ्लोटसारखी सोय, पाणी कमी झालं की आपोआप भरतं, आणि म्हणूनच गळती दिसतच नाही. आम्हाला पूलमध्ये पाहून काही कळलं नाही, सिटीचं पाण्याचं बिल आलं तेव्हा कळलं.

बादली पूलच्या पाण्याने भरून दुसऱ्या पायरीवर ठेवा, आत विटेचा तुकडा टाका म्हणजे हलणार नाही. बादलीच्या आतलं पाणी आणि बाहेरचं पूलचं पाणी एका पातळीवर आणा, दोन्हीकडे टेपने खूण करा. धबधबा, कारंजी बंद. पंप नेहमीसारखा चालू ठेवून २४ तास. मग परत खुणा करून पंप बंद ठेवून २४ तास. बादलीतलं जेवढं कमी झालं ते ऊन, पूलमधलं त्याहून जास्त कमी झालं ती गळती.

पंप चालू असताना जास्त जातंय तर पंपाकडून पूलकडे परत येणाऱ्या पाइपमध्ये शंका घ्या. बंद असताना जास्त जातंय तर ओढणाऱ्या पाइपमध्ये. दोन्ही वेळा सारखंच तर पूलच्या भांड्यातच आहे, स्किमर (कडेचं तोंड, जिथून वर तरंगणारी पानं आणि पाणी ओढलं जातं), लाइट, ड्रेन, नाहीतर चीर. अजून एक युक्ती: बिल्डर टाळाटाळ करत असेल तर पाणी आपणहून कुठे थांबतं ते बघा, स्किमरच्या तोंडाखाली येऊन थांबलं तर स्किमर, लाइटच्या पातळीला थांबलं तर लाइटची वायर जाते तो पाइप. पाणी स्किमरच्या खाली जायला लागलं की पंप बंद ठेवा, कोरडा चालला तर सील जळतं.

आमचं स्किमरपाशी थांबलं. मग बायकोने जिलेबीसाठी आणलेला केशरी रंग, जुन्या औषधाच्या सिरिंजमध्ये भरून, पंप बंद करून पाणी एकदम स्थिर झाल्यावर स्किमरच्या प्लास्टिक आणि काँक्रीटच्या सांध्याशी हळूच सोडला. रंग सुतासारखा आत ओढला गेला. व्हिडिओ काढला, बिल्डरला पाठवला. तोपर्यंत तीन आठवडे "ऊन आहे, ऊन आहे" चाललेलं, त्या व्हिडिओनंतर दोन दिवसात माणूस आला.

गळती शोधायला पूल रिकामा मात्र करू नका, कोणी सांगितलं तरी. पावसानंतर जमिनीत पाणी साठलेलं असलं तर रिकामं भांडं खालून वर उचललं जाऊ शकतं, आणि कोरडं प्लास्टर उन्हात तडकतं ते वेगळंच.

८. पंप, फिल्टर, हीटर: आधी हे बघा, मग फोन करा

जुलै २०२१ पासूनच्या अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या नियमामुळे नवीन पूलला आता बहुतेक व्हेरिएबल स्पीडचाच, म्हणजे स्पीड कमी-जास्त करता येणारा पंप येतो. वीज वाचते, पण नवीन मशिनरीच्या निम्म्या तक्रारी या स्पीडमुळेच असतात. वीज वाचवायला आपण स्पीड अगदी कमी ठेवतो, मग पाण्याची धार एवढी मंद होते की हीटर आणि सॉल्ट सेल दोघांना वाटतं पाणीच येत नाहीये, आणि ते "फ्लो नाही" असं दाखवून बंद पडतात. मशीन बिघडलेलं नसतं. स्पीड थोडा थोडा वाढवत न्या, कुठे एरर जाते तो आकडा लिहून ठेवा. थंडीत सॉल्ट सेल क्लोरीन बनवणं बंद करतो, तेही पाणी गार झालं म्हणून, तो बिघाड नाही.

पंपाच्या पारदर्शक झाकणाखाली बुडबुडे दिसतायत आणि पूलमध्ये जेटमधूनही बुडबुडे येतायत तर ओढणाऱ्या बाजूने हवा शिरतेय. आधी पाण्याची पातळी बघा, स्किमरच्या तोंडाच्या मध्यापर्यंत पाहिजे. मग स्किमरचं दार पानात अडकलंय का. मग पंपाच्या झाकणाची रबरी रिंग, पुसून सिलिकॉन ग्रीस लावा, व्हॅसलीन नको, ते रबर खातं. तरीही येतंय तर पंप चालू ठेवून पंपापुढच्या एकेका जोडावर मगभर पाणी ओता, ज्या जोडावर ओतल्यावर बुडबुडे क्षणभर थांबतील तोच जोड. हे मी एका रविवारी सकाळी चहा पिता पिता शोधलं, सर्व्हिसवाला नुसता यायचेच पैसे घेणार होता.

फिल्टर साफ असताना गेजवर किती प्रेशर आहे ते मार्करने फिल्टरवरच लिहा. त्याच्यापेक्षा २५ टक्के वर गेलं की धुवायचा. पहिल्या महिन्यात प्लास्टरच्या पावडरने तो सारखा भरतो. इथे एक धोका आहे तो नीट वाचा: फिल्टर उघडून परत बंद केल्यावर क्लँप पूर्ण आवळलाय याची खात्री करा, वरचा हवेचा व्हॉल्व्ह उघडा ठेवा, आणि पंप सुरू करताना फिल्टरच्या जवळ किंवा वर वाकून उभं राहू नका. आत दाबलेली हवा असते, क्लँप सैल असला तर वरचं झाकण तोफेच्या गोळ्यासारखं उडतं. व्हॉल्व्हमधून हवा जाऊन पाण्याची सलग धार आली की मग तो बंद करायचा.

हीटर. आमचा ४ लाख बीटीयूचा (हे उष्णतेचं माप), सुरू व्हायचा, दोन मिनिटं चालायचा, बंद. बिल्डर म्हणाला कंपनीचा दोष, कंपनीचा माणूस आला तो म्हणाला बिल्डरचा दोष, आणि दोघांच्या मध्ये मी. शेवटी प्लंबरने गॅसचं प्रेशर हीटर चालू असताना मोजलं तर ते धाडकन खाली येत होतं. एवढ्या हीटरला तासाला साधारण ४०० घनफूट गॅस लागतो, आणि आमचा घराचा मीटरच २५० चा होता, त्यावर घरातली फर्नेस आणि गीझर. गॅस कंपनीकडून मोठा मीटर बसवून घेतला आणि हीटर तेव्हापासून गुमान चालतोय. करारात एक ओळ टाका की गॅसचा मीटर आणि पाइपचा साइज हिशोब करून बघायची जबाबदारी कोणाची, आणि मीटर बदलायचा अर्ज कोण करणार.

स्किमरमध्ये क्लोरीनच्या गोळ्या टाकून ठेवायची सवय लावू नका. पंप बंद असताना तिथे ॲसिडसारखं पाणी साठतं आणि पंप सुरू झाला की ते थेट हीटरच्या तांब्याच्या नळ्यांत जातं. वॉरंटीवाले हीटर उघडून आत हिरवं-निळं दिसलं की हात वर करतात.

आणि वॉरंटी स्वतः रजिस्टर करा, आपल्या नावाने, आपल्या ईमेलवरून. "आम्ही करतो" यावर जाऊ नका.

९. बिल्डर फोन उचलत नसेल तर

फोनवर बोलणं बंद, सगळं ईमेलवर. एका ईमेलमध्ये एकच यादी, प्रत्येक दोषाला नंबर, तारीख, फोटो. चिडून लिहू नका, मी दोन ईमेल चिडून लिहिले आणि त्यांना उत्तरच आलं नाही. तिसरा अगदी सरकारी अर्जासारखा लिहिला, त्याला आलं.

तरीही हललं नाही तर टेक्सासमध्ये प्रॉपर्टी कोडच्या २७ व्या चॅप्टरमध्ये निवासी बांधकामाचा कायदा आहे, त्यात घराला जोडून केलेलं काम पण येतं. कोर्टात जाण्याच्या किमान ६० दिवस आधी बिल्डरला दोष सविस्तर लिहून सर्टिफाइड पोस्टाने, पोचपावतीसह नोटीस द्यावी लागते, आणि त्याला येऊन बघायची, दुरुस्तीचा प्रस्ताव द्यायची संधी द्यावी लागते. लोकांची चूक काय होते तर चिडून दुसऱ्या माणसाकडून दुरुस्त करून घेतात आणि मग नोटीस पाठवतात, म्हणजे बघायला काही उरतच नाही. आधी नोटीस, मग हातोडा. त्याआधी तासभराचे पैसे देऊन वकिलाला करार दाखवा, करारात कोर्टाऐवजी लवादाचं कलम असतं बऱ्याचदा. आमचं प्रकरण नोटिशीवरच मिटलं, कारण माझ्याकडे फोटो होते आणि त्याचा शेवटचा हप्ता माझ्याकडे होता.

१०. पहिल्या थंडीआधी

फेब्रुवारी २०२१ मध्ये डॅलसला उणे २ फॅरनहाइटपर्यंत पारा गेला आणि लाखो घरांची वीज गेली. पूलच्या मशिनरीत फ्रीझ प्रोटेक्शन असतं, गारठा वाढला की पंप आपोआप चालू होतो आणि वाहतं पाणी गोठत नाही. वीज गेली की ते गेलं, आणि त्या आठवड्यात किती जणांचे फिल्टर, पंप, हीटर फुटले. ऑक्टोबरमध्येच एकदा सराव करा: वीज गेली की ब्रेकर पाडायचे म्हणजे मध्येच वीज आली तर रिकामा पंप चालू होणार नाही, हीटरचा गॅस बंद, मग पंप, फिल्टर, हीटर सगळ्यांचे खालचे प्लग काढून पाणी सोडून द्यायचं, फिल्टरचा हवेचा व्हॉल्व्ह उघडायचा, पाइपचे व्हॉल्व्ह अर्धे उघडे ठेवायचे. काढलेले प्लग पंपाच्या जाळीच्या टोपलीत टाकून ठेवा, नाहीतर वसंतात गवतात शोधत बसाल. कुठला प्लग कुठे आहे याचा दोन मिनिटांचा व्हिडिओ बिल्डरच्या माणसाकडून पूल ताब्यात घेतानाच काढून घ्या, शेवटचा चेक अजून तुमच्या खिशात असताना.